मेंदी, मलिदा आणि कीर्तन: बेने इस्रायली लग्नघरातल्या गाण्याची पार्श्वभूमी

बेने इस्रायली म्हणजे कोकणात रुजलेले, मराठी बोलणारे ज्यू. जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या त्यांच्या पूर्वजांची, सात जोडप्यांची, कथा सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. गाण्याचा माग काढायचा तर मुंबईपासून सुरुवात बरी. तिथे 1796 मध्ये पहिलं प्रार्थनास्थळ उभं राहिलं (जुनी माणसं त्याला ‘मशीद’च म्हणत) आणि पुढे कोचीहून आलेल्या शिक्षकांमुळे हिब्रू प्रार्थना चालींसकट तोंडी बसल्या. आजही नवरी आत येऊ लागली की नवरा तिच्याकडे तोंड करून ‘योनाती झिव’ हे हिब्रू गीत गातो. योना म्हणजे पारवा, इथे अर्थात नवरी. गळा नसला तरी त्याची सुटका नाही.

घरातलं गाणं मात्र मराठीच राहिलं. मेंदीच्या रात्री बायका गात त्या मराठीत.

वाद आहे तो ‘कीर्तन’ या शब्दाचा. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायली मंडळींनी कीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला. साकी, दिंडी, ओवी, आर्या, साथीला पेटी आणि टाळ. आख्यान मात्र बायबलातल्या योसेफाचं, एस्तेरचं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, वाद्याला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी तारे दिसल्यावर किंवा सणासमारंभाला कीर्तन रंगायचं. ‘हे ज्यू कसं? ही तर हिंदूंची नक्कल,’ असा आक्षेप अजूनही कानावर येतो. मला तो पोकळ वाटतो. 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) छापणाऱ्या समाजाने धर्मकथा मराठी छंदात गायली, यात नवल ते काय? मूर्ती नाही, बुक्का नाही. घेतली ती सांगण्याची रीत. उलट ‘अस्सल ज्यू’ म्हणून आज प्रत्येक लग्नात वाजणाऱ्या ‘हवा नगीला’ची चाल पूर्व युरोपातल्या हसिदी या ज्यू भक्तिपंथाची, आणि तिला शब्द मिळाले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, जेरुसलेममध्ये. म्हणजे आपलं कीर्तन तिच्याहून वडील! ज्या होरा नाचात सगळे फेर धरतात तो रुमेनिया-बाल्कनकडचा.

1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिथे 1960 च्या दशकात ज्यू धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नांनाच हरकत घेतली, वंशाची चौकशी लावली. धरणी, मोर्चे झाले आणि 1964 मध्ये संसदेने बेने इस्रायली पूर्ण ज्यूच असल्याचा निर्वाळा दिला.

आता इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोनाकडच्या मेंदीला डीजे असतो, हिंदी सिनेमाची गाणी असतात, नवऱ्याला खुर्चीसकट उचलतात. पण मलिदा टळत नाही. मराठीत ‘मलिदा खाणं’ म्हटलं की वेगळाच वास येतो. इथे मात्र तो एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने केलेला नवस किंवा आभार. भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, वर फळं. ताटाभोवती ‘एलियाहू हन्नाबी’ गाऊन होईपर्यंत कुणी पोह्यांना हात लावत नाही.