तात्यांच्या मुठीतला वाफसा आणि साडेसातशे किलोमीटरवरचा उपग्रह

२०२५च्या नोव्हेंबरात गंगाखेडजवळच्या आमच्या गावाहून तात्यांचा, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचा, फोन आला. सप्टेंबरात गोदावरी, सीना, मांजरा सगळ्याच नद्या पात्र सोडून रानात शिरल्या होत्या. सोयाबीन तर गेलंच, पण दिवाळी होऊन गेली तरी काळ्या रानातली ओल हटेना. हरभऱ्याचं बियाणं घरात येऊन पडलेलं आणि वाफसा काही येईना. तात्या म्हणाले, "पेपरात वाचलं, तुमचा तो नवा उपग्रह ढगाच्या आरपार जमीन बघतो म्हणे. मग त्याला रानातला वाफसा दिसतो का रे?"

उपग्रहांनी पाठवलेल्या आकड्यांवरून जमीन वाचणं हेच माझं काम. या विषयावर मला आजवर विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. फोनवर उत्तर देता देता अर्धा तास गेला, तरी पुरं झालं नाही. म्हणून हा लेख.

वाफसा म्हणजे काय हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही, शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निथळतं, तिथे हवा शिरते, पण बारीक पोकळ्यांत पाणी टिकून असतं. बियाला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. तात्या मूठभर माती दाबतात. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा. बोटांना चिकटला तर अजून थांबायचं, गोळाच होत नसेल तर उशीर झाला.

तात्या ज्याबद्दल विचारत होते तो उपग्रह म्हणजे निसार. नासा आणि इस्रो यांनी मिळून बनवलेला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेटने तो वर नेला. सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीभोवती फिरतो आणि दर १२ दिवसांनी नेमका त्याच वाटेवर परत येतो. त्यावर १२ मीटर व्यासाची सोनेरी जाळीची छत्री, म्हणजे त्याची अँटेना, आहे. उड्डाणावेळी मिटलेली ही छत्री अवकाशात गेल्यावर उघडली. ती उघडल्याची बातमी आली त्या रात्री मी झोपू शकलो नाही. इस्रोच्या बाजूच्या रडारने टिपलेलं पहिलं चित्र गोदावरीच्या मुखाकडच्या त्रिभुज प्रदेशाचं होतं. पैठणहून, गंगाखेडहून, नांदेडहून जे पाणी वाहत जातं, ते शेवटी जिथे समुद्राला मिळतं तो भाग. याचा मला झालेला आनंद शास्त्रीय नव्हता, पण झाला खरा.

आता मूळ गैरसमजाकडे. उपग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वर टांगलेला कॅमेरा येतो. मोबाईलच्या नकाशावर आपल्या घराचं छप्पर दिसतं, म्हणून उपग्रह आत्ता या क्षणी बघतोय असं वाटतं. ते छायाचित्र बहुधा काही महिन्यांपूर्वीचं, निरभ्र दिवसाचं असतं. कॅमेऱ्याचे उपग्रह फार उपयोगी आहेत. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१एपासून आपल्या देशाने त्यांवर मोठं काम उभं केलंय. पण त्यांना सूर्यप्रकाश लागतो आणि मध्ये ढग चालत नाही. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली होता तेव्हा वरून दिसत होते ते पांढरे ढग. ज्या दिवशी बघायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी डोळ्यांवर पट्टी.

रडारचं तसं नाही. रडार स्वतःची रेडिओलाट सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतं. निसारवर दोन रडार आहेत. नासाच्या रडारची लाट सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची, इस्रोच्या रडारची सुमारे ९ सेंटिमीटरची. ढगातला थेंब मिलिमीटरच्याही अंशाएवढा. एवढ्या लांब लाटेला तो जाणवतच नाही. रात्र असो, ढग असो, लाट जमिनीपर्यंत जाते आणि परत येते.

पण ढगातलं पाणी न जाणवणाऱ्या लाटेला मातीतलं पाणी कसं जाणवतं? इथून पुढे थोडं सावकाश वाचा. माझ्या मते या साऱ्या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे.

पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. विद्युतक्षेत्र आलं की तो होकायंत्राच्या सुईसारखा वळतो. निसारच्या लांब लाटेचं क्षेत्र सेकंदाला सव्वाशे कोटी वेळा दिशा पालटतं, आणि मोकळ्या पाण्याचा रेणू तेवढ्या वेगानेही वळत राहू शकतो. पदार्थ असा किती प्रतिसाद देतो त्याच्या मापाला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. पाण्याचा सुमारे ८०. कोरड्या मातीचा ३ ते ४. चांगल्या भिजलेल्या मातीचा २५च्या आसपास जातो.

आता शाळेतलं गणित. लाट सरळ वरून पडली, तर पृष्ठभागावरून किती परत फिरेल? स्थिरांकाचं वर्गमूळ घ्या, त्यातून १ वजा करा, त्याच वर्गमूळात १ मिळवून त्याने भागा, आणि उत्तराचा वर्ग करा. कोरडी माती: स्थिरांक ४, वर्गमूळ २, भागाकार एकतृतीयांश, वर्ग एकनवमांश. म्हणजे ११ टक्के. ओली माती: स्थिरांक २५, वर्गमूळ ५, भागाकार चार-षष्ठांश म्हणजे दोन-तृतीयांश, वर्ग चार-नवमांश. म्हणजे ४४ टक्के. बरोबर चौपट! माती तीच, रान तेच, फक्त ओल आली आणि प्रतिध्वनी चौपट झाला.

गोष्ट इथे थांबत नाही, कारण आमची माती काळी आहे. तिच्यातले चिकणमातीचे कण कागदाच्या थप्पीसारखे पापुद्र्यांचे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो. पहिलं थोडं पाणी या पापुद्र्यांना घट्ट धरून बसतं. धरलेला रेणू वळू शकत नाही. बर्फात रेणू असेच जखडलेले असतात, म्हणून बर्फाचा स्थिरांक ८०वरून जेमतेम ३वर उतरतो. तेव्हा काळ्या मातीत पहिलं पाणी पडलं तरी रडारला ते जवळजवळ दिसतच नाही. पापुद्र्यांची भूक भागल्यावर जे पाणी पोकळ्यांत मोकळं उरतं, ते दिसू लागतं. म्हणून तेवढीच ओल हलक्या, मुरमाड रानात लवकर दिसते आणि काळ्यात उशिरा. आणि गंमत अशी की घट्ट धरलेलं ते पाणी हरभऱ्याच्या मुळांनाही ओढून घेता येत नाही! जमिनीत पाणी असूनही पीक सुकतं ती हद्द, आणि ज्या ओलीपासून पुढे रडारचा आकडा भराभर चढू लागतो ती हद्द, यांचा जवळचा संबंध आहे. साडेसातशे किलोमीटर उंचीवरचं यंत्र पाण्याची जी वाटणी करतं, ती बरीचशी मुळाने केलेल्या वाटणीसारखी निघते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून अंगणात जाऊन बसलो होतो.

आता छत्रीचं गणित. निसार तिरपा बघतो, त्यामुळे रान त्याच्यापासून सुमारे ९०० किलोमीटर दूर पडतं. २४ सेंटिमीटरची लाट १२ मीटरच्या छत्रीतून सोडली की तिचा झोत तेवढ्या अंतरावर सुमारे १८ किलोमीटर पसरतो. १८ किलोमीटरच्या एका ठिपक्यात किती गावं आली! बारीक दिसायला छत्री कित्येक किलोमीटरची हवी, आणि ती कुणी नेऊ शकत नाही. मग युक्ती अशी. उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर पळतो. तात्यांचं रान झोतात दोन-अडीच सेकंद राहतं, आणि तेवढ्यात उपग्रह त्यावर हजारो वेळा लाट सोडतो. परभणी-परळी मार्गावरची गाडी गंगाखेड स्टेशनाकडे येताना शिट्टीचा सूर चढा ऐकू येतो, पुढे गेल्यावर उतरतो. तसंच झोतातल्या प्रत्येक जागेच्या प्रतिध्वनीचा सूर निराळा असतो. पुढच्या जागेचा चढा, मागे पडलेल्या जागेचा उतरता. हे हजारो प्रतिध्वनी साठवून, प्रत्येकाच्या लाटेची चढ-उतार नेमकी जुळवून गणिताने एकत्र केले, की जणू १८ किलोमीटर लांबीची छत्री वापरल्यासारखं चित्र मिळतं, काही मीटरपर्यंत बारीक. याला सिंथेटिक अपर्चर म्हणतात. १९७८ साली सीसॅट या उपग्रहाने नागरी कामासाठी हे अवकाशातून करून दाखवलं. तो साडेतीन महिन्यांच्या आतच विजेच्या बिघाडाने बंद पडला, पण वाट दाखवून गेला.

मातीच्या ओलीसाठी मात्र काही मीटरचा आकडा वापरत नाहीत. एकेका ठिपक्याचा प्रतिध्वनी फार दाणेदार असतो, म्हणून शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेऊन सुमारे २०० मीटरच्या जाळीवर ओल काढायची योजना आहे. त्यातही ढेकळं आडवी येतात. नुकतं नांगरलेलं रान कोरडं असलं तरी खडबडीत म्हणून उजळ दिसतं. वखराच्या पाळ्यांनी सपाट झालेलं ओलं रान मंद दिसू शकतं. म्हणून एका चित्रावरून निकाल द्यायचा नसतो. त्याच रानाचा आजचा आकडा मागच्या फेरीशी लावून बघायचा. ढेकळं तीच असतील तर बदल ओलीचा.

एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. गावोगाव हातात नारळ किंवा दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची काठी, घेऊन जमिनीतलं पाणी सांगत फिरणारे पाणाडे आहेत. त्यांच्या नारळाला पाण्याचं काही कळत नाही, बोअर लागला की बोलबाला होतो आणि कोरडा गेला की कुणी मोजत नाही. पण आता 'उपग्रहातून तुमच्या शेतातलं पाचशे फुटांवरचं पाणी दाखवतो' म्हणून पैसे घेणारेही निघालेत, आणि ते मला जास्त घातक वाटतात, कारण ते विज्ञानाचं नाव घेतात. ओल्या काळ्या मातीत रडारची लाट काही सेंटिमीटरच जाते. सहारासारख्या अगदी कोरड्या वाळूतून १९८१ साली अवकाशयानावरच्या रडारला पुरलेल्या प्राचीन नद्यांची पात्रं दिसली, पण तिथेही खोली एखाद-दोन मीटरची. उपग्रहाच्या चित्रांवरून खडकातल्या भेगांचे नकाशे करून पाण्याचा अंदाज बांधतात, ते काम खरं आहे, पण तो अंदाजच असतो. ग्रेससारखे उपग्रह भूजलाचं वजन गुरुत्वाकर्षणावरून मोजतात, तेही शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं. एका शेतातल्या एका बोअरसाठी कर्ज काढून अशा लोकांना पैसे देऊ नका.

तर तात्यांना काय सांगितलं? वरच्या चार-पाच सेंटिमीटरांतली ओल त्याला जाणवते. जाताना एकदा आणि येताना एकदा, अशी १२ दिवसांत साधारण दोनदा. कोणत्या महसूल मंडळात रान अजून चिंब आहे आणि कुठे निथळलं, हे अख्ख्या जिल्ह्याचं चित्र त्यातून काढता येतं, आणि ते कुणाच्याही मुठीच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण तुमच्या दीड एकरात आज वाफसा आहे का, ते तुमच्या मुठीलाच विचारा.

एवढ्यावर थांबवेना म्हणून मी गावी गेलो. निसार आपल्याकडे पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येतो. साडेपाचला मी पोलादी कडी, पिशव्या आणि वजनकाटा घेऊन रानात. तात्या घोंगडी पांघरून बांधावर. शेजारच्या रानातले एक जण थांबले, "काय करायलात, सर?" उपग्रह येतोय म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलं. वर काही नसतं. तिरपं बघणारा तो उपग्रह तेव्हा शेकडो किलोमीटर बाजूला असतो.

कडी मातीत पाच सेंटिमीटर ठोकायची, नमुना पिशवीत भरायचा, लगेच वजन करायचं. मग १०५ अंशांवर २४ तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन. घटलं ते पाणी. मी बारा नमुने घेईपर्यंत तात्यांनी मूठ दाबून पाहिली होती. "अजून दोन दिवस," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी भट्टीतून आकडे आले. नदीकडच्या खोलगट तुकड्यात ओल सगळ्यात जास्त निघाली, वरच्या बांधाकडे कमी. तात्यांनी पेरणी वरच्या बांधाकडून सुरू केली, ती तिसऱ्या दिवशी.

पुढची फेरी १२ दिवसांनी होती. तोवर हरभऱ्याचे कोंब वर येणार होते आणि त्यांच्यातलं पाणीही प्रतिध्वनीत मिसळणार होतं. लाटेतलं मातीचं किती आणि कोवळ्या पानांचं किती, हे वेगळं काढायचं होतं. रिकाम्या पिशव्यांवर नंबर घालून मी त्या तात्यांच्या पडवीत ठेवून आलो.