बग्गीची पाइप फ्रेम

पोलादी नळ्या कापून, वाकवून आणि वेल्डिंगने जोडून केलेला, चालकाला पिंजऱ्यासारखा वेढणारा हलक्या ऑफ-रोड गाडीचा सांगाडा. इंजिन, सस्पेन्शन आणि सीट यांचा भार तोच पेलतो. गाडी उलटली तर चालकाचा जीवही त्याच्यावरच अवलंबून असतो. भारतात २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा’ या, स्वतः अशी गाडी बनवून चालवण्याच्या स्पर्धेमुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत अशी फ्रेम बनवण्याची कला रुजली. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींमुळे मराठवाड्यात तिला लागणारे कसबी हातही आहेत.

पाण्याचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप सहज मिळतो, पण तो फ्रेमला वापरू नये. त्यावरील जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळते. त्या धुराने थंडी वाजून ताप येतो आणि सांध्यात बारीक छिद्रे राहतात. जालना सळईसाठी प्रसिद्ध आहे. पण सळई काँक्रीटसाठी असते, पिंजऱ्यासाठी नव्हे. घ्यावा तो सीमलेस (बिनशिवणीचा) किंवा चांगल्या प्रतीचा ईआरडब्ल्यू (पत्रा गोल वळवून विजेने शिवण जोडलेला) पाइप, साधारण ०.१८ टक्के कार्बनचा. ईआरडब्ल्यू वाकवताना त्याची लांबीतली शिवण वळणाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला न ठेवता कडेला ठेवावी. तिथे ताण सर्वांत कमी असतो.

जाड पाइप म्हणजे मजबूत पाइप, हा समज फार पक्का आहे आणि तो अपुरा आहे. २५.४ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे १.६६ किलो भरतो. ३१.७५ मिमी व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा पाइप फक्त १.१९ किलो, तरीही वाकण्याच्या बाबतीत तो सव्वापटीहून जास्त ताठ असतो. महागडा क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाचा) पाइप अधिक ताण सोसतो, पण त्याच मापाच्या साध्या पोलादापेक्षा ताठ नसतो. ताठपणा व्यासातून आणि त्रिकोणी मांडणीतून येतो.

खरी परीक्षा सांध्यात असते. एका पाइपचे टोक माशाच्या तोंडासारखे कोरून दुसऱ्याच्या गोलाईवर फटीविना बसले पाहिजे. फट रॉडने भरून काढलेला सांधा दिसायला भरीव, पण आतून कच्चा असतो. आधी संपूर्ण फ्रेमला टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून मापे तपासावीत, मग समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून वेल्ड कराव्यात. एकाच बाजूने काम रेटले तर फ्रेम पिळवटते. पातळ पाइपला टिग (वायूच्या आवरणात, न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) किंवा ०.८ मिमी तारेचे मिग (वायूच्या आवरणात, आपोआप पुढे येणाऱ्या तारेने केलेले वेल्डिंग) उत्तम. गावातल्या दुकानात रॉडचे साधे आर्क वेल्डिंगच असेल तर २.५ मिमी रॉड वापरावा. व्होल्टेज पडलेले असताना मुख्य सांधे करू नयेत. गरम सांध्यावर पाणी ओतू नये आणि तो सुबक दिसावा म्हणून ग्राइंडरने घासू नये.

अशी गाडी नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही.

फ्रेमला हात घालण्यापूर्वी त्याच पाइपच्या तुकड्यांचा नमुना सांधा करून तो मुद्दाम मोडावा. वेल्ड शाबूत राहून पाइप फाटला, तर वेल्डरचा हात आणि मशीनची सेटिंग योग्य आहे. वेल्ड उखडला, तर करंट बदलून पुन्हा नमुना करावा.