पॉवर स्टिअरिंग रॅक: बदलण्याआधी ओळखा
(जुन्या, हौसेने बदल केलेल्या गाड्यांच्या मालकांसाठी)

आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी, इंजिन भलत्याच गाडीचं आणि रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा, त्याच्या हाउसिंगसकट) तिसऱ्याच गाडीचा! आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या हौशी गाड्यांमध्ये हे नेहमीचंच. म्हणून पहिली विनंती: गाडीचं नाव सांगून रॅक मागवू नका. कंपनीतून निघालेल्या पद्मिनीला रॅक नव्हताच, स्टिअरिंग बॉक्स होता. अ‍ॅम्बेसेडरला रॅक होता, पण आधीच्या मालकाने तो काढून भंगार बाजारातून काय आणून बसवलंय, हे गाडीखाली शिरल्याशिवाय कळत नाही.

दोष रॅकचाच आहे का?

स्टिअरिंग जड झालं की खापर रॅकवर फुटतं. आधी पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची पातळी, पंपाचा पट्टा आणि टायरमधली हवा बघा. प्ले (स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा) वाटत असेल तर इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग जरा जरा डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने पिटमधून (गाडीखालच्या खड्ड्यातून) बघायचं: कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) जॉइंट हलतोय, टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या रॉडचं टोक) हलतोय की रॅकचे बुश? रॅकच्या टोकाचा रबरी बूट दाबल्यावर आत ऑइल जाणवलं, तर मात्र ऑइल अडवणारं आतलं सील गेलं.

मुंबईत यामागे बऱ्याचदा पावसाळा असतो. बूटला बारीकशी चीर पडलेली असते. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली की पाणी आत जाऊन बसतं आणि दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात. दांड्यावरून नख फिरवा. अडकलं तर सील किटवर पैसे घालू नका, तो खड्डा नवं सीलही कापणार. गुळगुळीत असेल तर किटवर भागतं, आणि मग आम्हीही रॅक बदलायला सांगत नाही.

ओळख कशी पटवायची

हाउसिंगवरचा चिखल वायर ब्रशने काढा. ओतीव नंबर किंवा टॅग सापडला तर निम्मं काम झालं. नाही सापडला तर मापं घ्यावी लागतात: दोन्ही आतल्या बॉल जॉइंटमधलं अंतर, एका लॉकपासून (स्टिअरिंग पूर्ण वळून अडतं तिथपासून) दुसऱ्या लॉकपर्यंत दांडा किती सरकतो, पिनियनच्या (दांडा सरकवणाऱ्या छोट्या गिअरच्या) स्प्लाइन म्हणजे उभ्या खाचा किती, टाय रॉडचे आटे कोणते, पाइपांचे जोड कसे.

त्यातही बॉल जॉइंटमधलं अंतर आणि रॅकची उंची सगळ्यात महत्त्वाची. सस्पेन्शनच्या आर्मशी ती जुळली नाही, तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं आणि स्टिअरिंग हातातून निसटू पाहतं. आपल्या रस्त्यांवर हा प्रकार धोक्याचाच.

रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे आहे की मागे, हेही लिहून ठेवा. पुढचा रॅक मागे लावला तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे जातात. परदेशी किटमध्ये १९७४ ते ७८ च्या फोर्ड मस्टँग टू च्या धर्तीचे रॅक खूप येतात. मागवताना उजव्या हाताच्या चालकाचाच आहे ना, हे विचारून घ्या.

बसवताना

नवा रॅक आधी मध्यावर आणतो: पूर्ण फेरे मोजायचे, निम्मे उलटे फिरवायचे. जुने पाइप धुतल्याशिवाय जोडत नाही, नाहीतर पंपातला कचरा नव्या सीलमध्ये जातो. ऑइल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश लॉक टू लॉक फिरवतो. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू. स्प्लिट पिन नव्या, आणि शेवटी अलाइनमेंट. ते टाळून गाडी नेऊ नका, टायर बघता बघता झिजतात.

५० वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर चेसिसमध्ये मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळे ब्रॅकेट आम्ही बोल्टवर बसवतो, चेसिस कापत नाही.

जुना रॅक काढून ठेवला असेल तर भंगारात देऊ नका, सोबत आणा. मापं त्याच्यावरूनच घेता येतात.