मावा, मुंग्या आणि साबणाचं पाणी

मिरचीचे शेंडे आकसले, कोवळी पानं वळली आणि खालच्या पानांवर चिकट चकाकी दिसू लागली, की पान उलटून बघायचं. मागच्या बाजूला शिरांच्या कडेने टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किंवा काळे मऊ किडे दाटीवाटीने बसलेले असतात. हा मावा. त्यांच्यात पांढरा भुसा पसरल्यासारखं काहीतरी दिसतं आणि पुष्कळ जण ती बुरशी समजून भलतंच औषध मारतात. ती असते माव्याने वाढताना टाकलेली कात.

मावा बघता बघता रोप व्यापतो, कारण उबदार हवेत त्याच्या माद्यांना नराची गरजच लागत नाही. अंडी न घालता त्या थेट पिल्लं देतात आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढायला लागलेले असतात. हवा मानवली तर आठवडा-दहा दिवसांत ते पिल्लूही वितं. ‘पुढच्या रविवारी बघू’ हे माव्याच्या बाबतीत फार महागात पडतं.

चिकटपणाची गोष्टही मजेशीर आहे. मावा सोंड खुपसून झाडाचा अन्नरस ओढतो. त्या रसात साखर रगड, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्लं थोडीच. ती पुरेशी मिळवायची तर खूप रस प्यावा लागतो, मग जादा साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर पडते. या गोड रसावर काळी बुरशी चढते आणि मुंग्याही येतात. मुंग्या रसाच्या बदल्यात माव्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी शेंडे तपासा. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. फक्त पाणी वरचेवर बदला, नाहीतर मावा जाईल आणि डास येतील.

युरियासारखं नत्रयुक्त खत सढळ हाताने घातलं की कोवळी, रसाळ पालवी फुटते. माव्याला हेच हवं असतं.

सुरुवातीला साधा पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. खाली पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढू शकत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण घाला. साबणातले मेदाम्लांचे क्षार किड्याच्या अंगावरचं मेणकट आवरण आणि पेशींची पटलं बिघडवतात. मात्र द्रावण किड्याच्या अंगावर पडलं तरच. वाळल्यावर त्याचा उपयोग संपतो, म्हणून वरून शिंपडण्यात अर्थ नाही, पानामागेच मारायला हवं. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. आधी एका पानावर मारून दिवसभर थांबा, आणि फवारणी संध्याकाळीच करा.

कडुनिंबाचं काम वेगळ्या तऱ्हेचं. 1959 साली सुदानमध्ये टोळधाडीनंतर जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांना कडुनिंबाची झाडं तेवढी शाबूत दिसली आणि संशोधनाला वेग आला. निंबोळीतलं अझाडिराक्टिन किडीची भूक मारतं आणि कात टाकण्याचं तंत्र बिघडवतं. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून वैतागू नका. परिणाम सावकाश दिसतो, आणि तोही पिल्लांवर जास्त. उन्हात हे द्रव्य लवकर विघटित होतं, त्यामुळे आठवड्याने पुन्हा फवारावं लागतं.

पानं कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू मिळतो. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यात त्याचं विष मोकळं होतं. रस शोषणाऱ्या माव्यावर तो वाया जातो. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीपर्यंतही पोचत नाही. ते फळ तोडून नष्ट करणंच बरं.

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान घाईच्या फवारणीने होतं. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा मगरीसारखी दिसणारी अळी ही ढालकिड्याची असते आणि ती माव्याचा फडशा पाडते. बिचारी दिसायला भयंकर, म्हणून आधी तीच चिरडली जाते. माव्यातले काही किडे फुगून सोनेरी-तपकिरी, कागदासारखे झालेले दिसले तर त्यांच्यात गांधीलमाशीच्या कुळातल्या चिमुकल्या परजीवी कीटकाची अळी वाढते आहे. पुढे ती प्रौढ होऊन गोल भोक पाडून बाहेर येईल आणि आणखी माव्यांत अंडी घालेल. असे फुगलेले किडे बरेच दिसत असतील तर साबणही नको आणि कडुनिंबही नको. आठवडाभर थांबा, फक्त मुंग्यांना दूर ठेवा.