इंदुरात पाणी, रस्ते, बस यांचं ठरवतं कोण? थोडी पार्श्वभूमी

माझ्या पीएचडीचा विषय हाच, आणि तो सांगितला की ओळखीचे लोक हमखास विचारतात, यात शोधायचं काय, निगम (म्हणजे इथली महानगरपालिका) आहे ना. पण आपल्या इंदुरात जुनं ऑफिस सहसा बंद होत नाही, अडचण आली की शेजारी नवं बसवतात, आणि मग निर्णय नेमका कुठे झाला ते शोधावंच लागतं.

होळकरांच्या काळी दरबार ठरवायचा. तुकोजीराव तिसरे यांच्या वेळी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आले, 1918 मध्ये शहराच्या नियोजनाचा त्यांचा रिपोर्ट आला. प्लेगचे दिवस होते, तर त्यांनी काय केलं, दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं न नेता ज्या भागातल्या लोकांनी जास्त सफाई केली, घरं नीट केली तिथून नेली, मग लागली ना चढाओढ! नंतरच्या एकाही प्लॅनमध्ये रहिवासी इतके आत घेतलेले मला तरी दिसत नाहीत.

पुढे संस्थान गेलं, 1956 ला राजधानी भोपाळ झाली. यशवंत सागर, बिलावली हे तलाव पुरेनात म्हणून 1970 मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आणा असं नर्मदा आंदोलन झालं, नदी इथून सत्तर किलोमीटर दूर आणि पाणी पाचशे मीटरहून जास्त वर चढवायचं, तरी लोक हटले नाहीत, सरकारला मानावं लागलं आणि 1978 ला नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी आलं. मागणी इंदूरची होती पण मंजुरी भोपाळची, आणि ते तसंच राहिलं.

1973 च्या राज्याच्या कायद्यानं अख्ख्या शहराचा मास्टर प्लॅन राज्याच्या नगर तथा ग्राम निवेश (म्हणजे नगररचना) विभागाकडे गेला, एकेका भागाच्या स्कीमा आयडीएकडे, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाकडे. पहिला प्लॅन 1991 पर्यंतचा, पुढचा लागू झाला थेट 2008 ला, म्हणजे मधली सतरा वर्षं शहर वाढतच होतं आणि प्लॅन जुनाच! 74 वी घटनादुरुस्ती याच काळातली, नियोजनाचं काम शहरांकडे द्यायचं असं तिच्यात आहे, इथे मात्र विभाग आणि आयडीए दोन्ही जागेवरच राहिले.

बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेला वेगळा रस्ता, बघा. पैसा केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचा, बांधला आयडीएनं, बस चालवल्या 2005 मध्ये काढलेल्या वेगळ्या कंपनीनं, 2013 ला सुरू झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये काढून टाकायची परवानगी दिली हायकोर्टानं. मेट्रोला आणखी वेगळी कंपनी आहे, तिचं काम थीसिसमध्ये शेवटी घेतलंय.