काय झालंय? वय झालंय! : म्हातारपणाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

इग्नाट्झ नाशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तो अजून शिकत होता. निराधारांच्या आश्रयगृहात फेरी चालली असताना एक म्हातारी लंगडत आली आणि अंगदुखीची तक्रार करू लागली. हिला काय झालंय, असं त्याने विचारलं. शिक्षक म्हणाले, वय झालंय. मग करायचं काय? काही नाही.

ते 'काही नाही' त्याच्या मनात सलत राहिलं असावं. 1909 मध्ये त्याने एका लेखातून 'जेरियाट्रिक्स', म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचं वैद्यक, हा शब्द रूढ केला, बालरोगशास्त्राच्या 'पीडियाट्रिक्स'च्या धर्तीवर. त्याचं म्हणणं सरळ होतं : लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नसते, तसाच म्हातारा माणूस म्हणजे नुसता झिजलेला तरुण नव्हे. (वाग्भट या प्राचीन वैद्याने आयुर्वेदाची आठ अंगं मोजली त्यात 'बाल' आणि 'जरा', म्हणजे म्हातारपण, दोन्ही आहेत, त्यामुळे आपल्याला ही जोडी तशी परकी वाटू नये.)

'जेरोंटॉलॉजी', म्हणजे एकूण म्हातारपणाचाच अभ्यास, हा शब्द सहा वर्षं आधीचा, 1903 चा. तो दिला पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफने. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि त्यानेच शरीर लवकर जीर्ण होतं, असं त्याचं मत होतं. म्हणून तो आंबवलेलं दूध नेमाने घ्यायचा. 1908 चं नोबेल त्याला विभागून मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. 1916 मध्ये, 71 व्या वर्षी तो गेला. त्याच्याही आधी, 1889 मध्ये, ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या 72 व्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि जोम परत आल्याचं जाहीर केलं होतं. या विषयाला भोंदूपणाचा वास चिकटला तो अशा प्रयोगांमुळे.

प्रयोगशाळेत चांगलं कामही झालं. 1935 मध्ये मॅके आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पोषण पुरेसं पण उष्मांक कमी दिले, तर ते जास्त जगले. 1961 मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. 1993 मध्ये सिंथिया केनियनच्या गटाने एकच जनुक बदलून एका सूक्ष्म कृमीचं आयुष्य दुपटीहून जास्त केलं. बातम्या याच्याच होतात. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या जगण्यात खरा फरक पाडला तो मात्र रुग्णालयाच्या वॉर्डांनी.

1935 मध्येच लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या गरीबगृहाचा दवाखाना ताब्यात घेतला. 714 खाटा, आणि त्यांची जबाबदारी आली मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंवर. तिथे अर्धांगवायू झालेले, स्मृतिभ्रंशाचे आणि ज्यांना केवळ घर नव्हतं असे, सगळे एकत्र पडून होते. कित्येकांचं धड निदानच झालेलं नव्हतं. महिनोन् महिने पडून राहिलं की स्नायू वाळतात, गुडघे आखडतात, पाठीला जखमा होतात, लघवीवरचा ताबा जातो. मग जो तो म्हणतो, वय झालं. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, आजारांप्रमाणे वेगळं केलं, भिंतींना उजळ रंग दिले, उजेड वाढवला आणि लोकांना उठवून चालायला लावलं. अनेक जण घरी गेले. 1943 पासून त्या लेखांतून मांडू लागल्या की या रुग्णांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातच वेगळा विभाग हवा. ब्रिटनमध्ये या विषयाच्या डॉक्टरांची संघटना उभी राहिली 1947 मध्ये.

आता म्हातारपण सुरू होण्याचं वय म्हणून धरल्या जाणाऱ्या 65 या आकड्याबद्दल. तो जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने ठरवला असं सर्रास सांगतात. जर्मनीच्या 1889 च्या पेन्शनच्या कायद्यात वय होतं 70. 65 झालं 1916 मध्ये. शरीराच्या दृष्टीने त्या वाढदिवशी विशेष काहीच घडत नाही.

मग वयाऐवजी मोजायचं काय? सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये सहा कामांची मोजपट्टी मांडली : आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. खुब्याचं हाड मोडलेल्या आणि इतर रुग्णांना पाहताना त्यांच्या लक्षात आलं की या क्षमता साधारण ठरावीक क्रमाने परत येतात आणि तो क्रम तान्ह्या मुलाच्या वाढीशी जुळतो. आधी जेवण, सगळ्यात शेवटी आंघोळ. 1991 ची चाचणी तर याहून साधी : हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. किती सेकंद लागले ते बघायचं. उठताना हात खुर्चीच्या दांड्यावर किती रेटतो आणि वळताना पावलं किती लहान पडतात, यावरून अनुभवी परिचारिकेला बरंच कळतं.

डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक अशा सगळ्यांनी मिळून तपासणी करण्याची पद्धतही पारखली गेली. 1984 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा विभागात ठेवलेल्या रुग्णांमधले वर्षभरातले मृत्यू नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत जवळपास निम्मे निघाले. नंतरच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा राहिला नाही. रुग्ण स्वतःच्या घरी राहू शकण्याची शक्यता मात्र वाढलेली दिसत राहिली.

पण घरी सांभाळणारं कोण? या माणसाकडे संशोधकांचं लक्ष उशिरा गेलं. 1980 मध्ये स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांचा सांभाळ करणाऱ्या 29 जणांशी बोलून त्यांच्यावरचा भार मोजला. विसरणं जितकं जास्त, वागणं जितकं विचित्र, तितका भार जास्त, असं कोणालाही वाटेल. तसं आढळलं नाही. भार कमी होता तो जिथे घरचे बाकीचे लोक वरचेवर भेटायला येत होते तिथे.