डबा रिकामा यावा म्हणून, आमच्या गिरणीतून चार गोष्टी

जून उजाडला की दळणाला येणारं प्रत्येक जण एकच विचारतं, पोरगा नुसता वाढतोय, डबा मात्र अर्धा परत येतो आणि घरी पाऊल टाकलं की बिस्किटाचा पुडा संपवतो, काय देऊ सांगा. काउंटरवर मागे लाइन असते, सांगता सांगता अर्धं राहून जातं, म्हणून यंदा लिहूनच पिशवीत टाकलंय.

आमच्या धाकट्याचंही हेच होतं. महिनाभर आम्ही भाजीला दोष देत होतो, कधी भेंडी बदल, कधी बटाटा दे. शेवटी त्यालाच विचारलं तर म्हणाला, आई, चावता चावताच बेल होते. सुट्टी एवढीशी, त्यात हात धुवायचे, खेळायचं, आणि पोळी तोवर गार होऊन वातड झालेली. म्हणजे भूक होती, वेळ पुरत नव्हता.

तेव्हा हातात धरून चार घासांत संपेल असं द्या. आमच्या भाजणीचं थालीपीठ त्याला बरं (आमचं म्हणून सांगतोय असं समजा हवं तर). ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे, सगळं वेगवेगळं भाजतो, एकत्र भाजलं तर धने करपतात आणि डाळ कच्ची राहते. धान्याला डाळीची जोड मिळाली की प्रथिनं वाढतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, नुसती एक पोळी जास्त दिल्याने ते होत नाही.

डब्यासाठी ताटलीएवढं नको, तळहाताएवढी तीन लावा. कांदा वगळा, डबा उघडला की वर्गभर वास जातो आणि मुलं लाजतात. त्याऐवजी दुधी किसून घाला, दुधीला पाणी सुटतं म्हणून आधी किस, मीठ, तिखट आणि पीठ कालवून दहा मिनिटं ठेवा, मग लागलं तरच पाणी घाला. एक चमचा तेल पिठातच घातलं की गार झाल्यावरही मऊ राहतं. मधे भोक, कडेने तेल, झाकण, मंद आच. सोबत शेंगदाण्याची चटणी घट्ट दह्यात कालवून छोट्या डबीत.

आणि तव्यावरनं थेट डब्यात टाकू नका हो! वाफ झाकणाला धरते, पाणी खाली उतरतं, खालचं थालीपीठ गिचगिचीत. जाळीवर पाच-सात मिनिटं निवू द्या. पेपरात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही तेच सांगितलंय. सुती फडकं बरं.

नाचणीचं सगळेच विचारतात. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट, वाढत्या हाडांना चांगलंच. पण म्हणून निम्मं पीठ नाचणीचं घालू नका, पोळी लाटताना तुटते आणि मुलं रंग बघूनच तोंड फिरवतात. चार वाट्या कणकेला एक वाटी पुरे. तीच कणीक दुधात गुळ विरघळवून भिजवली की दशम्या होतात, गार झाल्या तरी मऊ, प्रवासात नेतात ते उगाच नाही.

एकदा एका ताईंच्या आग्रहाने भाजणी मैद्यासारखी बारीक दळून दिली होती. थालीपिठं चिवट झाली, त्यांनी आणून दाखवली, आम्ही पैसे परत केले. तेव्हापासून भाजणी जरा जाडसरच दळतो, कुणी कितीही सांगितलं तरी.

ज्यांच्या मुलांना गहू, तीळ किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आमचं पीठ नेऊ नये, एकाच जात्यावर सगळं दळलं जातं, झाडलं तरी कण राहतातच.

भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका. पावसाळ्यात अर्धा किलोच न्या, संपली की पुन्हा या. दोन-दोन किलो एकदम नेऊन जाळी धरली की नाव आमचं येतं.